सगळे आले?

भोंगा वाजला तशी मावजुदा घरातून पळत सुटली. मागे वळून पाहायचं नाही असं तिनं आदल्या दिवशीच ठरवलं होतं. तरी उंबऱ्यावर पाय अडखळला. आतल्या खोलीत, रजयांच्या ढिगामागे, तिची सासू नेकबख्त पडून होती. कमरेखालचं अंग लुळं पडल्यापासून तिनं अंगणही पाहिलं नव्हतं. मावजुदानं तिच्या उशाशी मीठ घातलेल्या दूधचहाचा वाडगा ठेवला होता, वर रोटीचा तुकडा झाकून. एवढंच केलं आणि ती पळाली.

आज पूर येणार नव्हता, ही नुसती तालीम होती. डोंगरावर बर्फाच्या कड्याखाली साचलेलं तळं जागच्या जागी होतं. पण मागच्या उन्हाळ्यात त्याचा एक काठ फुटला आणि चिखलादगडांचा लोंढा खालची जर्दाळूची बाग मुळासकट घेऊन गेला. तेव्हापासून सरकारी कचेरीत एकच घोळ चालला होता. हे गाव इथं राहू द्यायचं, की उठवून खाली मैदानात न्यायचं? शहरातून राइहोन नावाची बाई त्यासाठीच आली होती. संकट आलं तर हे गाव स्वतःला कितपत सांभाळू शकतं, ते तिला पाहायचं होतं. भोंगा वाजताच सगळं माणूस वेळेत वरच्या माळावर पोचलं, तर गाव राहणार. नाही तर ट्रक येणार.

गावचा प्रमुख कुर्बोनशो त्यासाठी दारोदार हिंडला होता. लंगड्याला कुणाचा खांदा, लेकुरवाळीला कुणाची सोबत, सगळं त्यानं नेमून दिलं. मावजुदाच्या दारात मात्र तो घुटमळला. तिचा नवरा रशियात बांधकामावर. शेजारपाजारचे तरणे गडीही तिकडेच. सासूला पाठीवर घेऊन हा चढ कोण चढणार, आणि चढला तरी केव्हा पोचणार? आतून नेकबख्तच बोलली.

"मला मोजणीत धरू नकोस, कुर्बोनशो. लेकीकडे गेलीय म्हणून सांग."

तो मान खाली घालून निघून गेला. मग तिनं सुनेला जवळ बसवलं. नेकबख्त परकरी पोर होती तेव्हा असेच ट्रक आले होते. सगळं गाव उचलून खाली कापसाच्या मुलखात नेऊन टाकलं होतं. तिथल्या उन्हानं आणि तापानं तिची भावंडं एकामागून एक गेली. उरलेली माणसं पुढे कधीतरी चालत परत आली आणि पडक्या भिंती उभ्या करून इथंच राहिली. पुन्हा त्या ट्रकात बसण्यापेक्षा आपली ही रजयांमागची जागाच बरी, असं ती म्हणाली.

माळावर गाव धापा टाकत उभं होतं. राइहोननं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"सगळे आले?"

"सगळे," कुर्बोनशो म्हणाला.

राइहोनचा चेहरा उजळला. तीही याच डोंगरातली. हे गाव उठावं असं तिला वाटत नव्हतं. शाब्बास, तुम्ही जिंकलात, असं ती म्हणाली. कुणी हसलं नाही. आनंदानं बोलायचंच सुचत नसेल, असं तिला वाटलं.

तेवढ्यात वर कडा कडाडला. बर्फाचा एखादा तुकडा निखळला असेल. उन्हाळ्यात हे रोजचंच. पण सगळा माळ चपापला. वर कुणीच पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना खाली, घरांकडे वळल्या. मावजुदाला आपलं छप्पर दिसलं. काडेपेटीएवढं. त्याखाली एक बाई वाडग्याकडे हात लांबवत असेल, आणि हा आवाज तिनंही ऐकला असेल.

"बाई," मावजुदा म्हणाली, "माझी सासू घरात आहे. तिला चालता येत नाही. मी तिला टाकून आलेय."

कुर्बोनशो तिच्याजवळ आला.

"पोरी, तुझ्या एका शब्दानं गाव उठेल."

"आणि खरंच पाणी आलं असतं तर, काका?"

राइहोन हळू आवाजात म्हणाली, की आता मला जे आहे तेच सांगावं लागेल. मागे कुणीतरी हुंदका दिला. मावजुदाला वाटलं, आपल्याला सगळ्या गावाचा शाप लागला.

ती एकटीच उतरणीला लागली. सासूला काय सांगायचं, तुझी भावंडं जिथं गेली तिथंच तुला नेतेय म्हणायचं का, तिला कळत नव्हतं. अर्ध्या वाटेवर मागून दगड घरंगळल्याचे आवाज आले. मग पावलांचे. एकदोन नव्हे, पुष्कळ. आपल्याला अडवायला येताहेत, असं तिच्या मनात आलं. ती पळू लागली. पावलंही पळू लागली. घरांपाशी तिला गाठलंच त्यांनी. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही. माणसं तिला ओलांडून पुढे गेली आणि जो तो आपापल्या दारात शिरला. सगळ्यात शेवटी कुर्बोनशो आला. आपल्या घराच्या दारापाशी तो थांबला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला,

"पोरी, जरा हात लाव. आत माझे वडील आहेत. मला एकट्याला उचलवत नाहीत."