चौथी तलवार

पलंगावर जुनी चादर अंथरून बापूंनी सातही विलायती तलवारी ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. सगळ्यांत जुनी उशाकडे, सगळ्यांत नवी पायथ्याशी. संग्रहालयातून नोंदणीला आलेल्या बाई क्षणभर दारातच थांबल्या. या आठवड्यातलं हे तिसरं घर. आधीच्या दोन्ही घरांत त्यांना "ही नक्कल आहे" असं सांगावं लागलं होतं. एका म्हाताऱ्यानं लगेच बाहेरचं दार उघडून धरलं होतं, आणि दुसऱ्या घरी समोरचा अर्धा चहा उचलून नेला होता. आज पाय दुखत होते आणि कुणाचं मन मोडायचं त्राण अंगात नव्हतं.

"बसा, बसा," बापू म्हणाले. "परवा आम्ही पुतण्याकडे राहायला जातोय. एकच खोली देतोय तो. माणसं कशीबशी मावतील, तलवारी काही मावायच्या नाहीत, म्हणून तुम्हाला देतोय."

'आम्ही' म्हणजे ते आणि त्यांची मोठी बहीण. तलवारी आणायच्या बापूंनी आणि पुसून तेल लावायचं ताईंनी, अशी या घरातली वाटणी होती.

बापूंनी पहिली उचलली. "ही बघा. मुठीपुढे नुसती आडवी पट्टी. तेव्हा हातात लोखंडी मोजा असायचा, तलवारीला हाताची काळजी नव्हती. मग कुणीतरी पकड घट्ट व्हावी म्हणून एक बोट पट्टीच्या पुढे घातलं. बोटं तुटायला लागली, म्हणून ही कडी आली. पुढे लोखंडी मोजा गेला, लोक साध्या कपड्यांत तलवार लावून हिंडायला लागले, आणि कडीला कडी जोडत मुठीचा पिंजरा झाला. मग हा पेला. आख्खा पंजा झाकणारा. नंतर पातं बारीक होत गेलं, मूठ लहान होत गेली, आणि ही शेवटची. हिनं कुणाला मारलंच नाही. दरबारात कमरेला लावून मिरवायची. घरजावयासारखी. दिसायला रुबाबदार, कामाला शून्य."

बाई हसल्या आणि त्यांनी चौथी हातात घेतली, पेल्याच्या मुठीची. हसू तिथंच थांबलं. पात्यावर गंजाचे बारीक खड्डे होते, पण टोकापासून मुठीपर्यंत अगदी सारखे. गंज असा शिस्तीत चढत नाही. पातं जुनं दिसावं म्हणून कुणीतरी ते आम्लात बुडवून काढलं होतं.

"ही कुठून आणलीत?"

"ती ताईनं आणली, माझ्या साठीला. कुणाला न विचारता एकटी लिलावात गेली. मी तिला जन्मभर लिंबूटिंबू समजत होतो!"

"तुमच्या हाताला तेल लागलंय," ताई मध्येच बाईंना म्हणाल्या. "चला, धुवून घ्या."

स्वयंपाकघरात ताईंनी नळ मोठा सोडला आणि आवाज बारीक केला. "चौथी खोटी आहे ना?"

बाईंनी हात नळाखाली धरले.

"अठरा वर्षं तेल लावतेय हो मी. बाकीच्या मुठी आतून एकाच जागी झिजल्यात, जिथं बोट टेकायचं तिथं. हिला कधी कुणी धरलेलंच नाही. पण बापूला सांगू नका. आल्यागेल्याला सगळ्यांत आधी तीच दाखवतो. जीव आहे त्याचा तिच्यात."

ताई चहा ठेवायला मागे राहिल्या. बाई खोलीत परतल्या तर बापू पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"चौथीचं तुमच्या लक्षात आलंच असेल."

"काय?"

"टोकाकडे जड आहे. खरी असती तर वजन मुठीशी आलं असतं, मनगटानं खेळवता आली असती. ही म्हणजे पहार! पहिल्या दिवशी हातात घेतली आणि कळलं."

"मग बोलला नाहीत?"

"कसा बोलणार? ती समोर उभी होती. एवढं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून येईल त्याला आधी हीच दाखवतो. आता तुम्ही कागदावर 'नक्कल' लिहाल, आणि घरातला प्रत्येक कागद तीच वाचते. मला आता अक्षर दिसत नाही."

बाईंनी वही उघडली. संग्रहालयात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना होता, अस्सल की नक्कल. पंधरा वर्षांत त्यांनी तो कधी रिकामा सोडला नव्हता की खोटा भरला नव्हता. पेन उघडं धरून त्या तशाच बसून राहिल्या. तोवर ताई चहा घेऊन आल्या.

"एक अडचण आहे," बाई म्हणाल्या. "आमच्या कपाटात सहाच मावतील. एक तुम्हाला ठेवून घ्यावी लागेल."

कपाटात दहा मावल्या असत्या.

"चौथी," दोघंही एकदम म्हणाली.



"बापूची आवडती आहे ना, म्हणून," ताई म्हणाल्या.

"ताईनं दिलेली आहे," बापू म्हणाले.

बाईंनी सहा नावं लिहिली, सहा रकाने भरले, दोघांच्या सह्या घेतल्या. या वेळी चहा पूर्ण प्यायल्या. गाडीवाल्यानं सहा तलवारी गुंडाळून खाली नेल्या आणि बाई चपला घालायला वाकल्या. आत ताई फडकं शोधत होत्या.

"आज राहू दे," बापू म्हणाले. "सकाळपासून उभी आहेस. तेल मी लावतो."

"नको, नको! तुला जमायचं नाही. आण इकडे."

"अगं जड आहे ती, हात भरून येईल तुझा."

बाईंनी वळून पाहिलं. मूठ बापूंच्या हातात होती, पातं ताईंच्या फडक्यात, आणि दोघांपैकी कुणीच सोडायला तयार नव्हतं.