ग्रेमूर कुणी जाळलं?

ड्रॅगनांच्या एका व्हिडिओ गेमची इत्थंभूत माहिती ओमाहाचा डेल चाहत्यांच्या साइटवर सांभाळायचा. दुसरी एक साइट त्याची पानं बेधडक उचलते असा त्याला संशय होता. चोर पकडायला त्यानं ग्रेमूर नावाचं एक जळून गेलेलं गाव मनानंच रचून आपल्या पानांत लिहून ठेवलं.

ते काढायचं मात्र राहून गेलं. ग्रेमूर कुणी जाळलं यावरून चाहते सहा वर्षं एकमेकांच्या उरावर बसत राहिले, आणि डेल गप्प. शुक्रवारी गेमचा नवा भाग आला. त्यात ग्रेमूर होतं, डेलनं रचलेल्या कोरड्या विहिरीसकट.

रात्री जेवताना त्यानं पुन्हा तेच पुराण लावलं.

"सांगून टाक बाबा एकदाचं," बायको रोंडा वैतागून म्हणाली, "मला तरी सुखानं जेवू दे."

त्यानं ताटावरून उठून साइटवर सगळं खरं लिहून टाकलं.




पाच मिनिटांत ते उडवलं गेलं, आणि साइटवरचा मजकूर तपासायला त्यानंच नेमलेल्या लुसिंडाचा निरोप आला: "डेल, गेममध्ये पुरावा नसेल ते लिहायचं नाही, हा नियम तुझाच ना? ग्रेमूरला पुरावा आहे, तुझ्या म्हणण्याला नाही."