नुसतं राजपाल

“पण राजपाल पुढं काय?” गुंडप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“नुसतं राजपाल म्हणा की,” गाईड हसून म्हणाला आणि तेर गावच्या टेकाडावरचं एक खापर दाखवू लागला. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल थेट रोमला जायचा, असं तो सांगत होता. ऐकत मात्र कुणीच नव्हतं.

उमरग्याहून आलेली अकरा जणांची ती सहल, सगळे एकमेकांचे सोयरे. सकाळी तेरचे अवशेष, दुपारी धरणातल्या बेटांवरचे पक्षी. हा बेत गुंडप्पांच्या बायकोनं, महादेवीनं हौसेनं ठरवला होता. दिवस बिघडला तर बोल तिलाच लागणार होता.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. गुंडप्पांना नदीचं काही नव्हतं, पण कूळ कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. त्यांनी खडे टाकून पाहिले. गाव कुठलं? तेरच. घर कुठं? स्टँडच्या मागं. पाहुणेरावळे कुठले? चौफेर. राजपाल ताकास तूर लागू देत नव्हता. मग मंडळी कानडीवर आली. घरात त्यांची कानडीच, आणि परक्यासमोर तर ती फार सोयीची. आडनाव लपवणारा माणूस सरळ नसतो, यावर सगळ्यांचं एकमत झालं. महादेवीलाही कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटू लागलं.

लिंबाखाली डबे सुटले तेव्हा तिनंच कानडीत निकाल दिला. त्याला पत्रावळीवर वेगळं वाढा, तिकडं कट्ट्यावर. त्याच्या हातचं काही घेऊ नका. हे सांगताना ती राजपालकडं बघून गोड हसतही होती. एकट्या सासूबाई, शांताक्का, तेवढ्या कुरकुरल्या. बसू दे की त्याला माझ्याजवळ, मग बसवण्णांनी जातीपातीबद्दल आपल्याला शिकवलं तरी काय? गुंडप्पांनी डोळे वटारून आईला गप्प केलं. राजपाल कट्ट्यावर जेवला आणि भाकरी छान झालीय म्हणाला.

होडीत बसेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. घाईत पाण्याच्या बाटल्या गाडीतच राहिल्या. राजपाल पुढच्या टोकाला पाठमोरा बसून वल्हवत होता आणि बेटं दाखवत होता. झाडांवर रंगीत करकोचे होते, खडकावर पंख वाळवणारे पाणकावळे. मंडळींचे घसे कोरडे पडले होते. राजपालच्या पायाशी पाण्याचा भरलेला कॅन होता, वर स्टीलचा पेला पालथा घातलेला. त्यानं कुणाला विचारलं नाही. घेणार कुणीच नव्हतं, पण विचारायला त्याचं काय जात होतं? मुद्दाम करतोय, गुंडप्पा कानडीत म्हणाले, आधी मागायला लावणार आणि मग भाव सांगणार. महादेवीला हाताच्या अंतरावरच्या त्या पाठीचा संताप आला.

तेवढ्यात शांताक्का तिच्या खांद्यावर कलंडल्या. डोकं गरगरतंय, त्या कानडीत पुटपुटल्या. शुगरची गोळी घेतली, पण जेवण गेलं नाही. गुंडप्पाला सांगू नकोस, उगाच ओरडेल. महादेवीला काय करावं सुचेना. आसपास नुसतं पाणी, आणि किनारा लांब.

राजपालनं वल्हं आत टाकलं. पिशवीतून गुळाचा खडा काढला, पेला भरला आणि शांताक्कांपुढं गुडघ्यावर बसला.

“आधी गूळ खा, अव्वा,” तो म्हणाला. अस्सल कानडीत म्हणाला.

शांताक्कांनी गूळ खाल्ला आणि पेलाभर पाणी प्यायल्या. हळूहळू त्यांचा चेहरा सावरला.

“कानडी येतं व्हय तुमाला?” गुंडप्पांनी कसंबसं विचारलं.

“आजोळ बसवकल्याणचं हाय,” राजपाल म्हणाला.

सकाळपासून आपण काय काय बोललो ते महादेवीला आठवू लागलं. लाजेनं तिला मान वर करवेना. तरी काहीतरी बोलायला हवं म्हणून नेमकं नको तेच तिच्या तोंडून गेलं.

“एवढं पाणी जवळ होतं, तर आमाला का न्हाय विचारलं?”

राजपालनं कॅनचं झाकण लावलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

“विचारणार होतो, ताई. पण माझ्या हातचं काही घेऊ नका, असं जेवताना तुमीच म्हणलात की.”