पसंत पडलेले स्थळ

जुना बेहडा वादळात धराशायी झाला होता आणि अरण्याच्या छतास एका घराएवढे भगदाड पडले होते. त्या भगदाडातून उतरलेल्या उन्हात वनपाल आणि रोपवाटिकेच्या बाई समोरासमोर उभे होते. सदर रिकाम्या जागी कोणत्या जातीचे रोप लावावे, या प्रश्नावर त्यांचा सकाळपासून वाद चालला होता. रोपांची पेटी बाईंच्या पायाशी होती.

“साग लावू,” वनपाल म्हणाले. “ऊन भरपूर आहे. सरसर वाढेल.”

“ऊन आज आहे. शेजारची झाडं हातपाय पसरायला लागली की तुमचा साग मान टाकील. साहेब, तुम्हाला कायम वर बघायची सवय. जरा खालीही बघत जा.”

“खाली काय आहे? पाचोळा.”

वृक्षांविषयी वनपालांच्या ठायी जे वक्तृत्व होते, ते मनुष्यांपुढे आणि विशेषेकरून या बाईंपुढे सर्वथा लोप पावत असे. तथापि प्रत्येक रोप निवडण्यास ते रोपवाटिकेत जातीने जात. वास्तविक ते काम एका फोनवर भागण्यासारखे होते.

इतक्यात पायवाटेवरून वनपालांची थोरली बहीण धापा टाकीत प्रकट झाली. तिच्या एका हातात तुटलेली चप्पल होती आणि दुसऱ्या हातात मिठाईचा खोका होता.

“तोंड उघड आधी! ठरलं तुझं!”

“काय ठरलं?”

“लग्न! नाहीतर काय, तुझी बदली सांगायला मी एवढा डोंगर चढले? कालच त्यांना होकार कळवला.”

“होकार कुणी दिला, ताई?”

“तूच! परवा फोनवर मी विचारलं, फोटो पाहिलास का, स्थळ कसं वाटलं? तू म्हणालास, ‘स्थळ उत्तम आहे. लावून टाका.’”

वनपालांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. परवा ते दरीत होते आणि फोनमध्ये नुसती खरखर होती. त्याच दिवशी बाईंनी या भगदाडाचा फोटो पाठविला होता आणि ‘स्थळ पाहून ठेवा, मी फोन करते’ असे कळविले होते. बहिणीने पाठविलेला फोटो त्यांनी अद्याप उघडलादेखील नव्हता.

“ताई, मला वाटलं, फोन बाईंचा आहे. मी या जागेबद्दल बोलत होतो.”

“या खड्ड्याबद्दल?” ताईने सभोवार दृष्टी फिरविली. “अरे, पण तू म्हणालास, ‘जरा उताराचं आहे, पण चालेल.’ मुलगी तुझ्याहून थोडी मोठी आहे ना! मला वाटलं, वयाचं म्हणतोयस. म्हटलं, केवढं मोठं मन माझ्या भावाचं!”

“उतार जमिनीचा, ताई.”

“आणि ‘फार दिवस उघडं ठेवू नका, पावसाच्या तोंडावर उरकून घ्या’ म्हणालास, ते? तिकडे ते हॉल बघत फिरतायत!” ताई मटकन बेहड्याच्या खोडावर बसली. “मला ‘टाका’ म्हणालास ना, तेव्हाच शंका यायला हवी होती. जन्मात कधी मला अहोजाहो केलं नाहीस.”

बाईंनी वाकून पेटी उचलली.

“अभिनंदन, साहेब. साग मी चौकीवर ठेवते. जात काय निवडायची, ते तुमचं तुम्ही बघा.”

त्या वळल्या आणि चालू लागल्या. त्यांना थांबविणे अत्यावश्यक आहे, हे वनपालांस कळत होते, परंतु शब्द सुचेना. शरमेने त्यांची मान खाली गेली. आणि तेथे, बेहड्याच्या मोडक्या फांद्यांखाली, त्यांना एक जांभळाचे रोप दिसले. ते कमरेएवढे होते, बोटभर जाडीचे होते आणि एवढा वृक्ष अंगावर पडूनही ताठ उभे होते.

“बाई, थांबा! हे जांभूळ इथे कधीपासून आहे?”

बाई थांबल्या, परंतु वळल्या नाहीत. “मी कामाला लागले तेव्हापासून बघतेय. सावलीत उभं आहे बिचारं, उजेडाची वाट बघत.”

“मग बोलला का नाहीत?”

“त्यानं काय हाका मारायच्या? बघणाऱ्याला डोळे नकोत?”

वनपाल बहिणीकडे वळले आणि मोठ्या निर्धाराने बोलले.

“ताई, ज्या जागी आधीच रोप उभं असतं ना, तिथे बाहेरून आणून लावत नाहीत. शास्त्र आहे तसं.”

ताईने जांभळाकडे पाहिले. नंतर तिने बाईंच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिले आणि शेवटी भावाच्या लालबुंद कानांकडे पाहिले.

“मेल्या,” ती म्हणाली, “एवढं बोलायला वादळ यावं लागलं तुला?”

तिने कपाळावर हात मारला आणि खांद्यावरच्या पिशवीतून फोन काढला. “आता त्यांना काय सांगू?”

“सांग, जागा मोकळी नव्हती.”

एवढे बोलताच वनपालांच्या अंगी हत्तीचे बळ संचारले. ते जांभळावरील फांद्या उपसून दूर भिरकावू लागले. बाईंनी पेटी सावकाश खाली ठेवली.

“अहो, सगळ्या एकदम काढू नका,” त्या म्हणाल्या. “सावलीतलं आहे ते. एकदम एवढं ऊन सोसायचं नाही त्याला.”

‘साहेब’ हा शब्द त्या या खेपेस विसरल्या होत्या. ताईने फोन कानाला लावला आणि मिठाईचा एक तुकडा स्वतःच्याच तोंडात टाकला. वनपाल मात्र हाती आलेली शेवटची फांदी जांभळावर छत्रीसारखी धरून, पुढील आज्ञेची वाट पाहत उभे राहिले.