युलालीचं स्वप्न

“मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला कुकू मागितला तिनं. वर ओल्या तुरीचे दाणे घालून,” युलाली म्हणाली.

ऑगस्टिननं रंधा खाली ठेवला. अर्ध्या बांधलेल्या होडीच्या सावलीत त्याची थोरली मेहुणी कमरेवर हात ठेवून उभी होती.

“स्वप्नात?”

“मग काय बाजारात भेटणार? माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसली होती. म्हणाली, ताई, पोटात काही नाही गं.”

कॅरियाकू बेटावर मेलेलं माणूस स्वप्नात येऊन खायला मागतं. मग त्याच्या नावाचा दगड उभा करून गावजेवण घालावंच लागतं. समुद्रानं नेलेल्यांचंही तसंच. त्याची बायको आयोना पाच वर्षांपूर्वी एकटी होडी घेऊन युनियन बेटाकडे निघाली होती. होडी तेवढी सापडली, तीही ऑगस्टिनलाच.

“तुझ्या स्वप्नात कधी आली नाही?” युलालीनं विचारलं.

“नाही.”

“नवरा असून?”

“माझ्यावर रुसली असेल.”

युलाली हसली नाही. “येत्या रविवारी जेवण. डँडी गवंड्यानं सिमेंटचा दगड ओतायला घेतलाय. जमिनीवर पहिली रम तू ओतायची आणि तिला नावानं हाक मारायची. नवऱ्याचा मान आहे तो.”

“एवढी घाई कशाला?”

“पाच वर्षांना घाई म्हणतोस?”

ती गेली, पण ऑगस्टिनचं कामात लक्ष लागेना. तो राहत होता ते घर युलालीच्या वडिलांच्या जमिनीवर होतं. आयोनाचा विधुर म्हणून त्याला तिथं राहू दिलं होतं. जेवणाला सगळं घराणं जमणार, ग्रेनाडाहून म्हातारे येणार, आणि जमिनीचा विषय निघणार. पन्नाशी उलटल्यावर त्यानं कुठं जायचं? युलालीच्या मनात काहीतरी होतं. असं स्वप्न आयतं पडत नाही.

दुसऱ्या दिवशी तो डँडीकडे गेला. डँडी साच्यात सिमेंट थापत होता.

“मामा, युलाली काय काय म्हणाली?”

“नाव घाल म्हणाली. जन्माचं साल घाल म्हणाली.”

“आणि मरणाचं?”

“ते म्हणे ऑगस्टिनला विचार. त्यालाच नीट ठाऊक.” डँडीनं मान वर केली. “तू रे का घामाघूम झालास? दगड काय तुझा आहे?”

ऑगस्टिन तसाच उठला आणि युलालीच्या अंगणात गेला. दोन बोकड आंब्याला बांधले होते. ती तूर सोलत बसली होती.

“तिच्या अंगावर काय होतं?” त्यानं विचारलं.

“कुणाच्या?”

“आयोनाच्या. स्वप्नात.”

युलालीचे हात थांबले. “तेच मला कळेना बघ. जाड लोकरीचा कोट होता. पार गळ्यापर्यंत बटणं लावलेली. आणि हात असे गार! इथं कोण घालतं रे असला कोट?”

ऑगस्टिन एक पाऊल पुढं आला. “तुला इंग्लंडहून कुणाचं पत्र आलंय का?”

“मला? माझं कोण आहे तिथं?” तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. “आणि मेलेली माणसं पत्रं पाठवतात होय?”

आता त्याची खात्रीच पटली. ही बाई त्याला खेळवत होती. रविवारी सगळ्यांसमोर, हातात रमचा पेला असताना ती त्याला धरणार होती.

शुक्रवारी सकाळी तो बस पकडून हिल्सबरोला गेला. आधी टपाल कचेरीत. खिडकीतली बाई युलालीला लहानपणापासून ओळखत होती.

“युलालीला पत्र? अहो, तिला साधं नाताळचं कार्डसुद्धा येत नाही. अर्धं बेट इंग्लंडात हडर्सफील्डला जाऊन बसलंय, पण तिला कुणी विचारत नाही. का हो?”

“सहज.”

“सहज म्हणून कुणी एवढ्या उन्हातून येतं?”

तो बाहेर पायरीवर बसला. पत्र नाही, तर मग सांगितलं कुणी? एकच माणूस सांगू शकत होतं. तसं असेल तर रविवारच्या आत त्याला ते कळायला हवं होतं. तो उठला आणि टेलिफोन कचेरीत गेला. पाकिटातून घडीच्या रेषेवर फाटत आलेली चिठ्ठी काढली. नंबर फिरवताना दोनदा चुकला. या नंबरवर त्यानं कधीच फोन केला नव्हता. करायचा नाही असं ठरलंच होतं.

बराच वेळ घंटी वाजली. मग एका पुरुषाचा आवाज आला. हॉलिसचाच. पाच वर्षांपूर्वी ऑगस्टिननं आयोनाला आणि या त्रिनिदादच्या खलाशाला स्वतः इंग्लंडच्या जहाजावर चढवलं होतं, आणि मग रिकामी होडी वाऱ्यावर सोडून दिली होती. ज्याची बायको पळून जाते त्याला सासरचे घरात ठेवत नाहीत. विधुराला ठेवतात.

“मी ऑगस्टिन,” तो म्हणाला. “तिला फोन दे. एवढंच विचारायचंय, तिनं बहिणीला काही कळवलंय का.”

“आम्ही तर कुणालाच कळवलं नाही,” हॉलिस म्हणाला. “कालच पुरलं तिला. तुम्हाला कसं कळलं?”