क्रेनवाल्याची झोप

"मशीन चुकलं असेल," क्रेनवाला म्हणाला. "पुन्हा तपासा."

"दोनदा तपासलं," कंपनीची डॉक्टर म्हणाली. "तुमच्या लघवीत गांजा आहे."

त्याला हसू आलं. जन्मात साधी विडी ओढली नव्हती त्याने. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे धुरात बसत, हा लांब उभा राही.

"डॉक्टर, मागे तुम्हीच भाषण दिलंत ना? रोज चाला, वेळेवर जेवा, चार माणसांत हसा, म्हणजे शरीर स्वतःच गांजासारखं काहीतरी तयार करतं, जीव शांत होतो. आम्ही म्हटलंसुद्धा, चला, आता पुडी विकत घ्यायला नको. तेव्हापासून मी रोज चालतोय. तेच दिसत असेल."

"शरीराचं ते वेगळं. ते या तपासणीत दिसत नाही. हे बाहेरून आलंय."

हसू ओठांवरच राहिलं. डॉक्टरने उठून दार लावलं.

"नीट ऐका. कुणी तुमच्या नकळत दिलं असेल तर सांगा, तसं लिहिते. नोकरी वाचेल. पण मग देणाऱ्याचं नाव द्यावं लागेल, आणि ते पोलिसांकडे जाईल. स्वतः घेतलं असेल, तर आजपासून घरी."

"नकळत कोण देणार? डबा घरचा, पाणी घरचं..."

बोलता बोलता तो थांबला. पाळ्या बदलल्यापासून त्याचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. हल्ली मात्र पाठ टेकायचा अवकाश, की ढाराढूर. चालण्याचा गुण आला, असं त्याने धरलं होतं. रोज निजताना बायको कोमट दूध आणायची आणि कपाचा तळ दिसेपर्यंत समोर उभी राहायची.

त्याने तिथूनच फोन लावला.

"दुधात काय घालतेस?"

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"थेंब," बायको म्हणाली. "माझ्या ताईने दिलेत. झाडपाल्याचे आहेत, काही होत नाही, म्हणाली. तुम्ही औषधाला हात लावत नाही, म्हणून सांगितलं नाही." जरा थांबून तिने विचारलं, "पण झोप लागते ना आता?"

त्याने फोन बंद केला. खोली एवढीशी. डॉक्टरलाही सगळं ऐकू गेलं असणार.

कालच त्याने लोखंडी सळ्यांची मोळी माणसांच्या डोक्यावरून पलीकडे नेली होती. हात स्थिर आहेत असंच त्याला वाटलं होतं. खालच्यांपैकी कुणी वर बघितलंही नव्हतं. वर हा असला की ते बघत नसत.

"मीच घेतलं," तो म्हणाला. "लिहा."

"विचार करून सांगा."

"केला."

"कशासाठी घेत होता?"

"झोपेसाठी."

"रोज किती थेंब?"

मांडीवरचा फोन वाजू लागला. तो त्याने उपडा केला.

"मोजले नाहीत कधी."

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पेनाचं टोपण काढलं.