डावं शिंग

दारात ट्रॅक्टर आला, बैल विकले, त्यानंतरचा हा पहिला पोळा. पोरांच्या तान्ह्या पोळ्यात नीतूला मिरवायला मी पांढऱ्या लोकरीचा बैल क्रोशाने विणला, आत कापूस भरला. पण डावं शिंग उभंच राहीना, सारखं डोळ्यावर यायचं. उसवलं, विणलं, पुन्हा उसवलं.

नीतूच्या बाबांचं आपलं आत-बाहेर चाललेलं.

"काऊन उसवून राहिली व? राहू दे ना तसाच."

"तसाच? लोक हासतील पोरीला."

"मंग बाजारातून लाकडाचा आणतो."

"आणा. नाहीतर तुमच्या ट्रॅक्टरलाच झूल घाला."

ते ताडकन उठले, रिकाम्या गोठ्यात एक चक्कर मारून परत आले. तोवर मी कापूस ठासून ठासून शिंग एकदाचं ताठ केलं आणि बैल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

मी चहा घेऊन आले, तर हे माझीच क्रोशाची सुई घेऊन डाव्या शिंगातला कापूस उपसत बसलेले.

"अहो, हे काय?"

मान वर न करता म्हणाले, "आपल्या धवल्याचं शिंग कधी ताठ होतं व?"